उपमहापौर खाली उतरत नाहीत

बेकरीवाल्यानं सुखी माणूस व्हायला खरं तर काहीच हरकत नव्हती. वडिलांनी चालती बेकरी मागे ठेवली होती, भट्टी तापलेली होती, गिऱ्हाईक बांधलेलं होतं. त्यात त्यानं स्वतः दोनच गोष्टींची भर घातली: दुकानात काचेचं कपाट आणि शर्टाच्या आत पोट. पहाटे उठून पीठ मळायचं, उजाडायच्या आत पहिला पाव बाहेर काढायचा, दुपारी जेवून आडवं व्हायचं. गल्ल्यावर त्याची थोरली बहीण बसायची. आई गेली तेव्हा हा एवढासा होता, म्हणून तिनंच त्याला वाढवलं. पुढं तिचा नवरा गेला तेव्हा ती भावाकडे आली आणि राहिली. तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. बायको शहाणी होती, घर स्वतःचं होतं. अशा माणसाला रात्री गाढ झोप लागायला हवी. पण त्याला एक साडू होता.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मोटार चालवायला शिकवणं हा त्याचा धंदा. अर्ध्या शहराला क्लच आणि ब्रेक यांतला फरक त्यानंच सांगितलेला, त्यामुळे रस्त्यानं जाताना दर दोन मिनिटांनी कुणीतरी गाडीची काच खाली करून त्याला हात करायचं. बेकरीवालाही त्याच्याकडेच शिकला होता आणि परीक्षेच्या दिवशी सरळ शाळेच्या भिंतीवर गेला होता. भिंतीला काही झालं नाही. पण सासरे, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, घरात चार माणसं जमली की थोरल्या जावयांकडे बघून म्हणायचे, “ती भिंतीची गोष्ट सांगा हो.” सांगायची साडूनं आणि हसायचं सगळ्यांनी. बेकरीवालाही हसायचा. घरी येऊन मात्र दोन दिवस पीठ जरा जास्तच जोरात मळायचा.

सासऱ्यांना मुली दोन, जावई दोन आणि बोलायला विषय एक. थोरल्या जावयाचं अक्षर, थोरल्या जावयाची शिस्त, थोरला जावई चहात साखर किती कमी घेतो. बेकरीवाल्याच्या पोटात दुखायचं, आणि ते दुखणं काही ओव्याच्या पाण्यानं जाणारं नव्हतं. साडूनं फ्रीज घेतला की याला त्याहून मोठा हवा. साडूनं मिशी काढली तेव्हा हा आठवडाभर आरशापुढे आपल्या मिशीवर बोट आडवं धरून बघत होता. शेवटी बायको म्हणाली, “अहो, त्यांचं तोंड लांबट आहे. तुमच्या तोंडावर मिशी गेली तर राहील काय?”

मग साडू नगरसेवक झाला. आपल्या प्रभागातून उभा राहिला आणि निवडून आला. सासऱ्यांना तर दुसरा वाढदिवसच उगवला. पुढच्या निवडणुकीला बेकरीवालाही स्वतःच्या प्रभागातून उभा राहिला. लोकसेवेची ऊर्मी वगैरे काही नव्हतं, उगाच खोटं कशाला बोला. साडू आहे, मग मी का नको, एवढंच होतं. पण मतं मागायला दारोदार जायचं तर काहीतरी सांगावं लागतं, आणि ते त्याला आक्कानं दिलं. गल्लीच्या कोपऱ्यावर पालिकेचा छोटा दवाखाना होता. आक्काला साखरेचा आजार, घोट्यापाशी एक जखम वर्षानुवर्षं भरत नव्हती, आणि ती एक दिवसाआड तिथे जाऊन पट्टी बदलून घ्यायची. हमरस्त्यापलीकडे मोठं इस्पितळ झाल्यापासून हा दवाखाना बंद होणार अशी कुजबुज होती. “तू एवढंच म्हण,” आक्का म्हणाली, “की दवाखाना जाऊ देणार नाही. बाकी काही बोलू नकोस, तुला बोलता येत नाही.” ती स्वतः तसल्या पायानं घरोघर हिंडली. लोकांनी बेकरीवाल्याला मतं दिली ती त्याच्या पावाला, आक्काच्या पायाला आणि त्या एका वाक्याला.

निवडून आलेले पंचवीस जण जमले आणि त्यांनी आपल्यातून महापौर निवडला. साडूच. नंतर उपमहापौर निवडायचा होता, तर साडूनंच उभं राहून बेकरीवाल्याचं नाव सुचवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पद मिळालं याचा आनंद त्याला संध्याकाळपर्यंत पुरला. ते साडूनं दिलं याचा राग मात्र अजून पुरतो आहे.

कारण उपमहापौर म्हणजे काय, हे त्याला पदावर बसल्यावर कळलं. एकदा बेकरीत एक रिक्षावाला आला, नळाला पाणी येत नाही म्हणाला, तुम्ही उपमहापौर, तेवढं सोडायला सांगा. बेकरीवाल्यानं त्याला समजावलं की पाणी सोडतो अभियंता, अभियंता ऐकतो आयुक्तांचं, आयुक्त चालतात सभागृहाच्या ठरावावर, आणि खर्चाचं काही असेल तर ते आधी स्थायी समितीकडून यावं लागतं. नगरसेवकानं सभेत प्रश्न मांडायचा, पाठपुरावा करायचा, मत द्यायचं. रिक्षावाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग उपमहापौरांचं काम काय? महापौर नसतील तेव्हा सभा चालवायची. आणि महापौर असतील तेव्हा? बेकरीवाल्यानं त्याच्या पिशवीत एक पाव जास्तीचा घातला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

महापौराला तरी कुठे काय अधिकार असतो, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. साध्या शिपायाची बदली त्याला करता येत नाही. सभा चालवायची, कुणी कधी बोलायचं ते ठरवायचं, फिती कापायच्या. खरं होतं ते. पण सभागृहात महापौर आला की बाकीची चोवीसच्या चोवीस माणसं उठून उभी राहायची. उंच चौथऱ्यावर उंच पाठीची खुर्ची, समोर पितळी घंटी. घंटी वाजली की बोलणाऱ्याचं तोंड मिटलं पाहिजे. बेकरीवाला बरोबर समोरच्या बाकावर बसायचा, आणि जे डोळ्यांत सलायचं ते अख्खी दुपार डोळ्यांपुढेच असायचं. पहाटे उठल्यामुळे त्याला सभेत पेंग यायची. ती घालवायला साडू कधी कधी हळूच घंटी वाजवायचा, आणि मग सगळं सभागृह गालात हसायचं. तो चेष्टेनंच वाजवायचा. चेष्टा होती म्हणूनच जास्त झोंबायची.

आणि गडी कधी गैरहजर राहायचा नाही. ताप असला तर मफलर गुंडाळून यायचा. दात काढला त्या दिवशी तोंडात बोळा धरून आला आणि नुसत्या घंटीवर सभा चालवली. साडूच्या तब्येतीची चौकशी बेकरीवाला इतक्या आपुलकीनं करायचा की मेव्हणीला भरून यायचं. ती बहिणीला म्हणायची, तुझा नवरा बाई फार मायाळू.

या सभागृहाची एक जुनी रीत होती, ती इथे सांगायला हवी. खुर्चीवर जो बसेल त्यानं चर्चेत बोलायचं नाही आणि मत द्यायचं नाही. दोन्हीकडची मतं सारखी पडली तरच त्यानं आपलं एक मत टाकून निकाल लावायचा. पण विषय खुर्चीवरच्या माणसाच्या स्वतःच्या प्रभागाचा असेल, तर त्यानं खाली उतरायचं, सभागृहातल्या सगळ्यांत जुन्या सदस्याला वर बसवायचं, आणि आपण बाकावर बसून बोलायचं, मत द्यायचं. विषय संपला की परत वर. सगळ्यांत जुने म्हणजे आजोबा. सहाव्यांदा निवडून आलेले, दोन्ही कानांत यंत्रं. वर बोलावलं की ते कधी नाही म्हणायचे नाहीत. साडूच्या प्रभागाचे विषय फार, तो एकेका सभेत तीनतीनदा खाली-वर करायचा, आणि आजोबा तीनतीनदा वर चढून बसायचे. बेकरीवाल्याला वाटायचं, काय हा पोरखेळ. मिळालेली खुर्ची माणूस सोडतो कशाला? आपण एकदा बसलो की सभा संपल्याशिवाय उठायचं नाही, हे त्यानं मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

शेवटी दैवानं दिलं. साडूला हर्निया निघाला. शस्त्रक्रियेची तारीख आली ती नेमकी सभेची. साडूनं ती पुढे ढकलायला बघितलं, पण डॉक्टरांनी त्याला चांगलंच झापलं. बेकरीवाल्यानं बातमी ऐकली आणि चेहरा पाडून घरी आला. मग दार लावून बायकोला म्हणाला, माझा कोट कुठे आहे? लग्नातला कोट निघाला. तो पुढे मिटेना, तर दोन गुंड्या सरकवून घेतल्या. सासऱ्यांना निरोप गेला की सभा बघायला या, प्रेक्षकांत पहिल्या रांगेत जागा ठेवतो. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

त्याच सभेत सातवा विषय होता, कोपऱ्यावरचा दवाखाना बंद करून तिथली डॉक्टरीणबाई आणि नर्स हमरस्त्यापलीकडच्या इस्पितळात हलवण्याचा. बेकरीवाल्यानं गेले दोन महिने एकेका नगरसेवकाच्या घरी बिस्किटं पोचवून माणसं जोडली होती. त्याला स्वतःला सोडून दवाखाना राहावा म्हणणारे अकरा झाले. बंद करा म्हणणारे अकरा, आणि त्यांत आजोबाही होते. त्यांचं म्हणणं, एक धड इस्पितळ बरं. उरला औषधवाला नगरसेवक. त्याचं दुकान दवाखान्याला लागूनच, म्हणून तो म्हणाला होता की मी कुठल्याच बाजूनं हात वर करणार नाही, लोक उगाच बोलतील. झाले अकरा-अकरा. म्हणजे सारखी मतं. म्हणजे निकाल खुर्चीनं लावायचा, आणि खुर्चीवर कोण? बेकरीवाल्याला ते दृश्य दिसायला लागलं: सभागृह स्तब्ध, सासरे पहिल्या रांगेत, आणि आपण वरून सांगतोय की दवाखाना राहील. एकट्याच्या मतानं. घरोघर बिस्किटं वाटून केलेलं काम तेव्हा कुणाला दिसणार नव्हतं, पण हे दिसलं असतं. दवाखाना वाचावा असं त्याला मनापासून वाटत होतं. फक्त तो आपल्याच हातून, वरूनच आणि सासऱ्यांसमोरच वाचावा, असंही वाटत होतं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी तो इस्पितळात साडूला भेटायला गेला. साडू हिरव्या झग्यात पलंगावर बसला होता, पाय उघडे, चेहरा उतरलेला. बेकरीवाल्याला क्षणभर फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जरा लाजही वाटली. साडूनं इकडच्या तिकडच्या गोष्टींत वेळ घालवला नाही.

“सातवा विषय तुझ्या प्रभागाचा आहे. तो आला की तू खाली उतर. आजोबांना वर बसव. मी त्यांना सांगून ठेवलंय.”

बेकरीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे उद्या हा भुलीखाली असणार, पोट फाडून घेणार, आणि तरी मी अख्खी सभा खुर्चीत बसलेला याला बघवत नाही. माझ्या पाठीमागे त्या म्हाताऱ्याशी बोलूनसुद्धा ठेवलं.

“रीत माहीत आहे मला, साडूभाऊ.”

“रीत राहू दे. मी मतांचा विचार करून सांगतोय. औषधवाल्याचा काही—”

“तुम्ही आराम करा,” बेकरीवाला उठलाच. “माझ्या प्रभागातली माणसं मला कळतात. तुम्ही उद्याचं बघा.” आणि आणलेली बिस्किटं उशापाशी ठेवून तो निघून गेला. शस्त्रक्रियेआधी रोग्याला काही खायचं नसतं, हे त्याला जिन्यात आठवलं.

दुसऱ्या दिवशी तो सभागृहात शिरला आणि सगळे उठून उभे राहिले. खुर्ची वाटली होती त्यापेक्षा टणक निघाली, पाठीला टेकावं तर पाय जमिनीला पुरेनात. पण वरून सगळ्यांचे भांग दिसत होते, टकलं दिसत होती, कोण बाकाखाली मोबाइल बघतंय ते दिसत होतं. पहिल्या रांगेत सासरे, हात काठीवर, शेजारी बायको. आक्का पायामुळे आली नव्हती. बेकरीवाल्यानं घंटी वाजवली. आवाज इतका गोड लागला की लगेच आणखी एकदा वाजवली, कुणी बोलत नसतानाच.

पहिले विषय सुरळीत गेले. मात्र घंटीचा हात काही आवरेना. वाक्य जरा लांबलं की घंटी, कुणी पाणी प्यायला थांबला की घंटी. चौथा विषय गटारांचा, त्यावर औषधवाला बोलायला उठला. तो माणूस मुळात सावकाश बोलणारा, पण तयारी करून आला होता. बेकरीवाल्यानं त्याला दोनदा घंटी वाजवून थांबवलं आणि तिसऱ्यांदा म्हणाला, “मुद्द्यावर या. इथे गोळ्या मोजून द्यायच्या नाहीत.” सभागृह खदखदून हसलं. सासरेही हसले, काठी आपटून हसले. आयुष्यात पहिल्यांदा बेकरीवाल्याच्या विनोदाला सासरे हसले होते, त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. औषधवाल्यानं हातातले कागद सरळ केले, घडी घातली आणि खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते, तेही वरून दिसत होतं. पण त्या वेळी बेकरीवाला सासऱ्यांकडे बघत होता.

सातवा विषय पुकारला गेला. आजोबांनी कानातलं यंत्र नीट केलं, बाकाच्या कडेला सरकले आणि वर बघत बसले. चौथऱ्यावर बाजूला बसणाऱ्या नगरसचिव बाई वाकून हळूच म्हणाल्या, “विषय तुमच्या प्रभागाचा आहे. आपण खाली उतरायचं ना?”

प्रश्न साधा होता आणि उत्तरही साधं होतं. तीन पायऱ्या उतरायच्या, बाकावर बसायचं. पण तो उतरला असता तर त्याच्या खुर्चीत आजोबा बसले असते, आणि सासऱ्यांना पाहुण्यासारखं थोडा वेळ बसवून उठवलेला माणूस दिसला असता. सक्ती नव्हती, रीत होती.

“गरज नाही,” तो म्हणाला. “मी इथूनच चालवतो.”

बाईंनी मान हलवली. आजोबा परत बाकावर मागे टेकले. चर्चा झाली. दवाखान्याच्या बाजूनं बोलायला सगळ्यांत जास्त माहिती ज्याला होती, तो तोंड मिटून वर बसला होता, कारण खुर्चीवरून बोलायचं नसतं. त्याच्या अकरा जणांपैकी दोघं जमेल तसं बोलले. आक्काच्या जखमेबद्दल, तिच्यासारख्या पंधरा-वीस म्हाताऱ्यांबद्दल, दोन बस बदलून हमरस्ता ओलांडण्याबद्दल कुणीच बोललं नाही. मग हात वर करायला सांगितलं. दवाखाना राहावा: अकरा. बंद करावा: अकरा हात वर गेले, बाई मोजत होत्या, आणि मोजता मोजता औषधवाल्यानं हात वर केला. घाई न करता, तो सगळंच करायचा तसा सावकाश. केला आणि वर बेकरीवाल्याकडे बघत राहिला.

बारा विरुद्ध अकरा. सारखी मतं नव्हती, म्हणून खुर्चीला मत नव्हतं. ठराव मंजूर झाला असं जाहीर करायचं काम मात्र खुर्चीचंच होतं, आणि ते त्यानं केलं. स्वतःच्या आवाजात, सासऱ्यांसमोर, वरून. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते इतक्या उंचावरून क्वचितच कुणी बघितलं असेल.

सभा संपल्यावर चहाच्या टेबलाशी आजोबा त्याच्याजवळ आले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, खेदही नव्हता, त्यांचं तर काम झालंच होतं. “मी तयारीत होतो,” ते म्हणाले. “महापौरांनी फोन करून सांगितलं होतं. मला कळत नव्हतं असं नाही. मी वर बसलो असतो तर माझं मत गेलं असतं आणि तुमचं आलं असतं. आमचे अकरा, तुमचे बारा. औषधवाला आमच्याकडे येऊनसुद्धा. पण रीत ती रीत, बोलावलं असतंत तर बसलो असतो.” आणि बशीत चहा ओतून ते शांतपणे प्यायला लागले.

म्हणजे साडूला हे सगळं आधीच दिसलं होतं. पलंगावर, उघड्या पायांनी, हिरव्या झग्यात बसून त्यानं बेकरीवाल्याचा दवाखाना वाचवून ठेवला होता, फक्त खाली उतरायचं तेवढं बाकी होतं. बेकरीवाल्याला आधी स्वतःची लाज वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण नंतर. आधी वाटलं ते हे, की इथेसुद्धा हाच पुढे. सासरे जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आवाज चांगला लागतो तुमचा. थोरल्यांपेक्षा खणखणीत.” तेवीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आलं, आणि ते कडू लागलं.

घरी त्यानं आक्काला एवढंच सांगितलं की मतं कमी पडली, बहुमतापुढे कुणाचं काय चालतं. आक्कानं ऐकलं. “तू तरी काय करणार,” ती म्हणाली, आणि गल्ल्यावरची सुट्टी नाणी नीट लावत बसली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण तिचा विश्वास होता, आणि त्याला तो तसाच राहू द्यावासा वाटला. बायकोला चहाच्या टेबलावरचं सगळं ऐकू गेलं होतं. तिनं लग्नातला कोट घडी करून पेटीच्या तळाशी ठेवला.

दवाखान्याच्या शेवटच्या दिवशी गल्ली पायऱ्यांवर जमली. आतून टेबलं, तपासायचा पलंग, वजनकाटा बाहेर येत होता आणि टेंपोत चढत होता. आक्कानं शेवटची पट्टी करून घेतली होती. ती वरच्या पायरीवर कठडा धरून उभी होती, आणि नर्स तिला पलीकडच्या इस्पितळात कुठल्या खिडकीशी जायचं ते तिसऱ्यांदा समजावत होती. लोक चिडले होते. बेकरीवाल्याकडे बघून कुणीतरी म्हणालं, एकच वाक्य बोलला होता निवडणुकीत, तेवढंही निभावलं नाही. बेकरीवाल्यानं बहुमताचं सांगून बघितलं. ते आता त्याच्याच कानाला पोकळ लागत होतं.

तेवढ्यात साडू आला. टाके अजून ओले होते, पोटाला हात धरून, एकेक पाऊल जपून टाकत आला. लोकांनी वाट करून दिली. कुणीतरी बाहेर काढलेल्या सामानातली खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही.

“त्या दिवशी सभेला मी नव्हतो,” तो म्हणाला. “मी तारीख पुढे ढकलायला हवी होती, मी ढकलली नाही. चूक माझी आहे. याला बोल लावू नका. यानं दोन महिने घरोघर जाऊन माणसं जमवली होती, ते मी बघितलंय. ठराव इतक्यात परत आणता येत नाही. पुढच्या वर्षी आणीन, पण होईल असं वचन देत नाही.”

गर्दी नरमली. एक म्हातारी म्हणाली, टाके घातलेले असताना आला बिचारा. दुसरी म्हणाली, चूक कबूल करायला काळीज लागतं. वरच्या पायरीवरून आक्का म्हणाली, “किती मोठ्या मनाचा माणूस आहे.”

बेकरीवाल्याच्या आत काहीतरी पेटलं. साडूनं फ्रीज आधी घेतला, पद आधी घेतलं, सासरे तर जन्मापासून त्याचेच. आता माझी चूकसुद्धा यानंच न्यायची? ती तरी माझी होती. अख्ख्या शहरात दुसऱ्या कुणाला करता आली नसती अशी, एकट्या माझी. आणि तीही हा पोटाला हात लावून घेऊन चालला, वर लोकांची वाहवा.

“चूक यांची नाही,” तो मोठ्यानं म्हणाला. आवाज खणखणीत लागला. “माझी आहे. मला आदल्या दिवशी यांनी सांगितलं होतं की खाली उतर आणि आजोबांना वर बसव. मी उतरलो असतो तर एक मत जास्त पडलं असतं आणि दवाखाना राहिला असता. मी उतरलो नाही.”

खरं बोलला. कशासाठी बोलला ते त्याला ठाऊक होतं, आणि ते काही अभिमानानं सांगण्यासारखं नव्हतं. टेंपोवाला वजनकाटा हातात धरून तसाच उभा राहिला. साडूनं मान खाली घातली. त्याला हे उघडं करायचं नव्हतं.

आक्कानं भावाकडे बघितलं.

“उतरायला काय झालं होतं?” तिनं विचारलं.

“सासरे बसले होते समोर.”

तिनं मान हलवली, गल्ल्यावर गिऱ्हाइकाचा हिशोब बरोबर निघाला की हलवायची तशी. मग पायरी उतरायला पाय पुढे केला. नवी पट्टी होती, घोटा वळत नव्हता. बेकरीवाला झटकन दोन पायऱ्या चढला आणि नेहमीसारखा दंड पुढे केला. त्या दंडाला धरूनच ती या पायऱ्या इतकी वर्षं चढली-उतरली होती.

आक्का थांबली. तिनं हात लांब केला, भावाच्या दंडावरून पलीकडे, आणि साडूला म्हणाली, “जरा धरता का मला?”

साडू पुढे आला. त्याचे टाके ताणले असतील, त्याचं तोंड वाकडं झालं, पण त्यानं धरलं. दोघं एकमेकांच्या आधारानं, थांबत थांबत, तीनही पायऱ्या उतरले आणि बेकरीच्या दिशेनं चालायला लागले. बेकरीवाला वरच उभा राहिला.